परतीचा विचार सोडल्याचे प्रतिज्ञापत्र

निजामाच्या रियासतीत परमुलखातून येऊन चाकरी धरलेल्या, घर बांधलेल्या आणि वार्धक्यही तेथेच काढू इच्छिणाऱ्या माणसाला सरकारदरबारी आपला मानावे की परका, या प्रश्नाचे उत्तर सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या फर्मानानुसार १९१९ साली ज्या मुलकी नियमांत ग्रथित झाले, त्यांतील एका कलमाचा आशय आजही विचार करण्याजोगा आहे. जो मनुष्य किमान १५ वर्षे रियासतीत कायम वास्तव्य करून राहिला आहे, आपल्या पूर्वीच्या ठिकाणी परत जाण्याचा विचार ज्याने सोडून दिला आहे आणि तसे प्रतिज्ञापत्र ठरावीक नमुन्यावर मॅजिस्ट्रेटसमोर ज्याने केले आहे, त्याला मुलकी समजावे, असे ते कलम सांगत होते. या अटींत घराच्या खरेदीखताचा उल्लेख नाही. काळ मोजला आहे आणि मनाचा निश्चय मागितला आहे. चाकरीच्या ज्या नियमावलीत एरवी वेतन, रजा आणि वजीफा यांचेच हिशेब असावयाचे, तिने माणसाच्या अंतःकरणातील गावाच्या ओढीला हात घालावा, यामागे शतकाहून अधिक काळाचा अनुभव साचलेला होता.

रियासतीची सरहद्द ही नकाशावरची पुसट रेघ नव्हती. १८७४ साली वाडी ते सिकंदराबाद हा निजामाचा लोहमार्ग सुरू झाल्यावर पुण्या-सोलापुराकडचा प्रवासी सहज येऊ लागला खरा. परंतु आल्यावर मालावर जकात घेणारी करोडगिरी त्याला भेटे, दफ्तरात फसली सन आणि आझूर, दै, बहमन हे महिने भेटत, कचेरीत उर्दू भेटे, आणि हातात पडणारा रुपया ब्रिटिश हिंदुस्थानचा कलदार नसून निजामाचा हाली सिक्का असे. सहा कलदार म्हणजे सात हाली हा विनिमयाचा साधारण दर ध्यानी घेतला, तर सत्तर हाली वजीफा मिळवणारा कारकून निवृत्तीनंतर पुण्यास जाऊन राहिला की त्याच्या हाती साठच कलदार पडत, हे उघड आहे. ज्याचे मन गावाकडे धावे, त्याचा हिशेब त्याला हैदराबादेत मुसी नदीकाठीच राहण्यास सुचवी. सरहद्द ओलांडून वार्धक्य कोठे घालवावे, या प्रश्नाला अशी पैशाची बाजू पुष्कळदा असते आणि ती हीन मानण्याचे कारण नाही. आयुष्यभर चाकरी केलेल्या माणसाने आपल्या अल्प मिळकतीत सन्मानाने कोठे जगता येईल हे पाहिले, तर त्यात लोभ नाही.

परंतु परक्याच्या मालमत्तेविषयी हैदराबादच्या दरबाराला जी धास्ती वाटे, तिचे मूळ अशा गरीब कारकुनांत नव्हते. ते गोऱ्या कोठीवाल्यांच्या इतिहासात होते. पुण्याच्या दरबारी काही काळ ब्रिटिशांचे रेसिडेंट राहिलेल्या जनरल पामर यांचा मुलगा विल्यम पामर याने १८१४ च्या सुमारास हैदराबादेत सावकारी पेढी उभारली. गव्हर्नर जनरलच्या अनुमतीवाचून ब्रिटिश प्रजाजनांनी देशी राजांना कर्ज देऊ नये, असा विलायतेचा कायदा असताना १८१६ साली या पेढीला तशी अनुमती मिळाली. आणि पेशकार महाराजा चंदुलाल यांच्या कारकिर्दीत ६० लाखांच्या प्रसिद्ध कर्जापर्यंत मजल गेली. मेटकाफ रेसिडेंट म्हणून आला, त्याने या व्यवहाराची चौकशी आरंभली आणि १८२४ साली पेढी बुडाली. या प्रकरणाने दरबाराला कायमचा धडा मिळाला तो असा, की ज्या परक्याच्या पाठीशी बलाढ्य सरकार उभे आहे, त्याचे घर, कर्ज आणि गहाणखत ही खाजगी बाब राहत नाही. युरोपीय ब्रिटिश प्रजेवर रियासतीच्या न्यायालयांचा अंमल चालत नसे. रेसिडेन्सीचा चालत असे. असा मनुष्य शेजारी राहावयास आला, म्हणजे त्याच्यामागून त्याचे राज्यही येऊन राहते.

असे असूनही या विल्यम पामरविषयी एक गोष्ट आदराने नोंदवली पाहिजे. हिंदुस्थानी मातेच्या पोटी जन्मलेला हा मनुष्य पेढी बुडाल्यावर विलायतेस निघून गेला नाही. चादरघाटाजवळच्या आपल्या कोठीत तो पुढे चाळीसहून अधिक वर्षे राहिला आणि १८६७ साली हैदराबादेतच वारला. त्याचा जावई मेडोज टेलर पंधराव्या वर्षी हिंदुस्थानात आलेला, निजामाच्या चाकरीत वाढलेला आणि शोरापूरच्या कारभाराने नाव कमावलेला अधिकारी. तो १८६० साली निवृत्त होऊन मायदेशी गेला. पण दृष्टी मंदावलेली असताना १८७५ साली तो पुन्हा हैदराबादेस आला आणि परतीच्या वाटेवर फ्रान्समधील मेंटन येथे १८७६ त त्याने देह ठेवला. सासरा राहिला, जावई गेला आणि तरी ओढीने परतून आला. १९१९ च्या नमुन्यावर या दोघांपैकी कोणाची सही खरी ठरली असती, हे ठरवणे कोणाही मॅजिस्ट्रेटला अवघडच गेले असते.

दुसरी लाट हिंदी माणसांचीच होती. १८५३ ते १८८३ अशी तीस वर्षे दिवाणगिरी सांभाळणाऱ्या पहिल्या सालारजंगांनी राज्ययंत्र नव्याने उभारताना उत्तर हिंदुस्थानातून सय्यद हुसेन बिलग्रामी, मेहदी अली, मुश्ताक हुसेन, चिराग अली यांच्यासारखे कर्तबगार लोक आणले. त्यांच्या योग्यतेविषयी शंका नव्हती. पण त्यांच्यामागून त्यांचे आप्त, आप्तांमागून ओळखीचे, असा ओघ लागला. पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेल्या घराण्यांतील तरुणांना आपल्याच राज्याच्या कचेऱ्यांत जागा मिळेना, तेव्हा मुलकी आणि गैरमुलकी हा वाद पेटला. या वादातील मुलकी पक्षाला संकुचित म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल. नव्या शिक्षणाची सोय ज्या प्रजेला उशिरा मिळाली, तिने आपल्या करातून चालणाऱ्या राज्यात चाकरीचा पहिला हक्क मागितला, ही मागणी न्याय्यच होती. आणि १९१९ च्या नियमांनी ती मान्य करून, खुद्द निजामाच्या खास मंजुरीवाचून गैरमुलकी माणसाला लहानमोठ्या कोणत्याही सरकारी जागी नेमू नये, असे ठरवून टाकले.

मराठी माणूस या व्यवस्थेत दोन्ही बाजूंना होता. निजामाच्या दफ्तरात मराठवाड्याच्या महसुलाचा हिशेब पाहणारे रायरायांचे घराणे मराठीच होते, आणि औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद या जिल्ह्यांतील रयत जन्मानेच मुलकी होती. पण नळदुर्गचा मनुष्य मुलकी आणि त्याच्या शेजारच्या सोलापूरचा गैरमुलकी. भाषा तीच, पंढरीची वाट तीच, लेकीसुनांची देवघेव त्याच गावांत, आणि तरी एकाला दाखला जन्मतः मिळे व दुसऱ्याला पंधरा वर्षे राहून शपथ घ्यावी लागे. खुद्द शहरातही एक सरहद्द होती. रेसिडेंट कर्कपॅट्रिकच्या काळी उभ्या राहिलेल्या रेसिडेन्सीभोवतीचे बाजार १९३३ पर्यंत ब्रिटिश अंमलाखाली होते. ते परत मिळाल्यावर त्यांना सुलतान बाजार हे नाव मिळाले. त्या बाजारात आणि शेजारच्या काचीगुडा, जामबाग, गौळीगुडा या वस्त्यांत मराठी कुटुंबे दाट राहिली. एक मोहल्ला ओलांडला की कायदा बदले, ही गोष्ट त्यांच्या नित्याच्या जीवनाचा भाग होती.

घर असणे आणि आश्रय असणे यांतील अंतर किती मोठे, हे दोन गैरमुलकी विद्वानांच्या चरित्रांवरून कळते. बंगालचे अघोरनाथ चट्टोपाध्याय यांनी हैदराबादच्या उच्च शिक्षणाचा पाया घातला. त्यांची कन्या सरोजिनी १८७९ साली याच शहरात जन्मली. परंतु चांदा रेल्वेच्या योजनेला झालेल्या विरोधात भाग घेतल्याबद्दल १८८३ साली त्यांना रियासतीबाहेर घालवण्यात आले. पुढे त्यांना परत बोलावले गेले, तरी अखेरचा काळ त्यांनी कलकत्त्यास काढला. सावंतवाडीकडून आलेले चित्रकार पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी हैदराबादेत चित्रशाळा चालवली आणि वेदाध्ययनही केले. राष्ट्रीय विचारांपायी त्यांनाही शहर सोडावे लागले, आणि पुढे औंध व नंतर पारडी ही त्यांची कर्मभूमी झाली. परक्याने कितीही वर्षे काढावीत, त्याचे राहणे सरकारच्या मर्जीवर अवलंबून असे; आणि प्रजेलाच जेथे नागरी हक्क नव्हते, तेथे मुलकी दाखलासुद्धा अभय देऊ शकत नव्हता.

याच्या उलट दिशेचा दाखलाही हैदराबादेतच सापडतो. हद्रमौतचे अरब निजामाच्या अनियमित फौजेत शिपाई म्हणून आले. त्यांतील उमर बिन अवद अल-कुऐती या जमादाराने येथे संपत्ती मिळवली आणि त्याच्या पुत्रांनी तिच्या बळावर अरबस्तानच्या किनाऱ्यावर शिहर व मुकल्ला ही बंदरे घेऊन राज्य स्थापले. त्यांची मिळकत दख्खनेत आणि सिंहासन समुद्रापार होते. त्याच अरबांपैकी साधे शिपाई मात्र शहराच्या दक्षिणेस बारकसमध्ये राहिले आणि त्यांचे वंशज आजही तेथे आहेत. धनवंतांना परतीचा मार्ग मोकळा होता. दरिद्री लोकांनी प्रतिज्ञापत्रावाचूनच हा देश आपला केला.

१९४८ नंतर रियासत गेली, पण नियम गेले नाहीत. बाहेरून आलेल्यांना खोटे मुलकी दाखले मिळतात या तक्रारीवरून सप्टेंबर १९५२ त विद्यार्थ्यांची चळवळ उसळली आणि हैदराबादेत गोळीबार झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आणि काचीगुड्यात घर बांधून राहिलेला मराठवाड्याचा माणूस जागचा न हलता गावापासून दुसऱ्या राज्यात पडला; सरहद्द त्याने ओलांडली नव्हती, तीच त्याला ओलांडून गेली होती. ऑक्टोबर १९७२ त सर्वोच्च न्यायालयाने मुलकी नियम वैध ठरवले, आंध्र भागात प्रक्षोभ झाला आणि १९७३ च्या सहा कलमी सूत्राच्या तोडग्यानंतर ते नियम रद्द झाले.

आज हैदराबादेत वार्धक्यासाठी सदनिका घेणारा अमेरिकेचा पारपत्रधारक मराठी मनुष्य वेगळ्या कायद्याखाली येतो: परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे कार्ड असेल तर त्याला घर घेता येते, शेतजमीन विकत घेता येत नाही. अशी बंधने इतर देशांतही दिसतात: मेक्सिकोची १९१७ ची राज्यघटना सरहद्दीपासून १०० व किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या पट्ट्यात परकीयांना थेट मालकी नाकारते, आणि इतरत्र ती देताना, या मालमत्तेसाठी आपल्या मायदेशाच्या सरकारकडे धाव घेणार नाही, असे वचन घेते. शेजाऱ्याच्या हाती मोठा मुलूख गमावलेल्या राष्ट्राची ही सावधगिरी आणि पामर पेढीने पोळलेल्या दरबाराची सावधगिरी एकाच जातीची आहे. मेक्सिकोने परक्या सरकारचे पाठबळ सोडावयास सांगितले, हैदराबादने परतीची आशा.

माझ्या मते यजमान समाजाला असे काही मागण्याचा अधिकार आहे. पण मॅजिस्ट्रेटच्या नमुन्यावर ते मोजता येत नाही. त्याचे खरे माप माणूस त्या गावाला काय देतो यात असते. केशवराव कोरटकर, वामन नाईक यांच्या पिढीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उभारलेली विवेकवर्धिनी शाळा शहराला आजही शिकवते आहे. आणि ज्या सहा कलमी सूत्राने मुलकी नियमांचा शेवट केला, त्याच सूत्रातून निघालेले हैदराबादचे केंद्रीय विद्यापीठ प्रथम भरले ते ‘गोल्डन थ्रेशोल्ड’मध्ये, म्हणजे एकदा हद्दपार झालेल्या अघोरनाथांच्या कुटुंबाने दिलेल्या घरात. परमुलखात घर घेऊ पाहणाऱ्याने खरेदीखतावर सही करण्यापूर्वी हा इतिहास वाचावा. मालकी सरकार देते, पण आपलेपण त्या गावातील लोक देतात आणि त्यासाठी ते पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहण्यास तयार असतात.