आंतरजालीय संभाषित विश्लेषण

आंतरजालावरील संवादाचा, त्यातील भाषेलाच पुरावा मानून, अभ्यास करण्याची संशोधनपद्धती. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या भाषावैज्ञानिक सुझन हेरिंग यांनी तिला आकार दिला. २००४ मधील त्यांच्या लेखात तिची सविस्तर मांडणी आहे. शब्दरचना, अर्थ, संवादातील पाळी आणि सामाजिक वर्तन अशा पातळ्यांवर मजकूर तपासला जातो.

नवशिक्याची कसोटी प्रश्न आखतानाच लागते. ‘लोक समाजमाध्यमांवर कसे भांडतात?’ हे नुसते कुतूहल झाले; ‘विरोध करण्याआधी ते सहमतीचे वाक्य लिहितात का?’ हे मात्र मजकुरात मोजता येते. नमुना निवडणे त्याहून अवघड. इकडून तिकडून यदृच्छया वेचलेल्या संदेशांत प्रश्न आणि उत्तर यांची साखळी तुटते, म्हणून एखादा विषय किंवा सलग कालखंड घेणे बहुधा श्रेयस्कर. नंतर दोघे जण तोच मजकूर स्वतंत्रपणे वर्गांत विभागतात आणि त्यांच्यातील एकमत बहुधा कोहेनच्या कॅपा गुणांकाने तपासतात.

आकडे ‘किती’ सांगतात. ‘का’साठी वक्तृत्वशास्त्राकडे वळावे लागते. त्या शास्त्राचे अभ्यासक लॉइड बिट्झर यांनी १९६८ मध्ये मांडलेली निकड, श्रोते आणि मर्यादा ही त्रयी येथे आजही उपयोगी पडते, जरी आंतरजालावर श्रोते नेमके कोण हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसते.

मराठी मजकुराची अडचण वेगळी : पुष्कळ जण रोमन लिपीत, प्रत्येक जण आपापल्या वर्णलेखनाने लिहितात. केवळ देवनागरी शब्द शोधणाऱ्याच्या हाती अर्धवट सामग्री लागते.