स्पार्क प्लग बदलणे (मोठी वाहने)

स्पार्क प्लग बदलणे म्हणजे पेट्रोल अथवा नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या इंजिनातील झिजलेले स्पार्क प्लग काढून त्यांच्या जागी नवे प्लग बसविणे होय. वाहनाच्या नियमित देखभालीतील हे काम साध्या अवजारांनी घरीही करता येते. मात्र सहा किंवा आठ सिलिंडरांच्या मोठ्या इंजिनात काही प्लगपर्यंत हात पोहोचणे कठीण असते. रायगड किनाऱ्यासारख्या खाऱ्या व दमट हवेच्या प्रदेशात प्लग गंजून जागीच अडकण्याची शक्यताही वाढते. बळजबरीने प्लग काढताना सिलिंडर हेडमधील आटे गेले, तर दुरुस्तीचा खर्च प्लगच्या किमतीच्या अनेक पट होतो.

रचना व कार्य

स्पार्क प्लगमध्ये मधोमध एक विद्युत अग्र, त्याभोवती चिनी मातीसारखे उष्णतारोधक निरोधक आवरण आणि बाहेर आटे असलेले पोलादी कवच असते. कवचाच्या टोकाला दुसरे, वाकवलेले अग्र असते. वाहनाच्या 12 व्होल्टच्या बॅटरीतील विजेचे इग्निशन कॉइल हजारो व्होल्टच्या दाबात रूपांतर करते. त्या दाबाने दोन अग्रांमधील फटीत ठिणगी पडते आणि सिलिंडरमधील हवा व इंधन यांचे मिश्रण पेटते.

डिझेल इंजिनात दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटत असल्याने स्पार्क प्लग नसतो. त्यामुळे डिझेलवर चालणाऱ्या एस. टी. बस, मालमोटारी आणि मासेमारी नौका यांना ही देखभाल लागू पडत नाही. काही डिझेल इंजिनांत आढळणारा हीटर प्लग हा केवळ थंड इंजिन सुरू करण्यास मदत करतो. सीएनजीवर चालणाऱ्या बस व मालमोटारींना मात्र स्पार्क प्लग असतात. या वायूत ठिणगी पाडण्यास अधिक विद्युतदाब लागत असल्याने त्यांचे प्लग तुलनेने लवकर झिजतात.

इतिहास

फ्रान्समध्ये काम करणाऱ्या एतिएन लेन्वार याने 1860 मध्ये आपल्या वायू-इंजिनात विजेच्या ठिणगीचा वापर केला. रॉबर्ट बॉश याच्या जर्मनीतील कंपनीत गॉटलोब होनोल्ड याने 1902 मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्यासोबतचा स्पार्क प्लग तयार केला आणि त्यानंतर या प्लगचा व्यावहारिक प्रसार झाला. भारतात मुंबईत 1947 पासून जुळणी होऊ लागलेल्या विलिस जीपच्या चार सिलिंडरांच्या पेट्रोल इंजिनात प्लग हेडच्या वरच्या बाजूस उघडे असत. ते काढण्यास फक्त एक प्लग पाना पुरे होई. पुढे ॲल्युमिनियमचे हेड आणि खोल विहिरीत बसविलेले प्लग आल्यावर हे काम अधिक नाजूक झाले.

मोठ्या इंजिनांचे वेगळेपण

व्ही आकाराच्या इंजिनात सिलिंडरांच्या दोन रांगा असतात. इंजिन आडवे बसविलेले असल्यास मागची रांग केबिनच्या पडद्याला लागून येते आणि काही वाहनांत तेथील प्लगसाठी आधी हवेचा मॅनिफोल्ड उतरवावा लागतो. काही आठ सिलिंडरी इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला दोन, म्हणजे एकूण सोळा प्लग असतात. दोन प्लगची रचना भारतीय वाचकांना 2003 मधील बजाज पल्सर डीटीएस-आय या दुचाकीमुळे परिचित आहे.

बदलण्याची रीत

प्लगचा प्रकार, अग्रांमधील अंतर आणि बदलण्याची मुदत वाहनाच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते. साध्या निकेल अग्राच्या प्लगपेक्षा इरिडियम वा प्लॅटिनमचे प्लग बरेच अधिक काळ टिकतात.

1. इंजिन पूर्ण थंड होऊ दिले जाते. गरम ॲल्युमिनियम हेडमधून प्लग काढल्यास आटे खराब होण्याची भीती असते. त्यानंतर बॅटरीची ऋण तार सोडवतात.
2. एका वेळी एकाच सिलिंडरची कॉइल किंवा प्लग वायर काढली जाते. जुन्या इंजिनात वायरींची अदलाबदल झाल्यास ठिणगीचा क्रम बिघडतो.
3. प्लगभोवतीची वाळू व धूळ हवेच्या झोताने उडवली जाते. कॉम्प्रेसर नसल्यास सायकलचा पंपही चालतो. हा कचरा सिलिंडरमध्ये पडू देऊ नये.
4. आत रबर किंवा चुंबक असलेल्या प्लग सॉकेटने प्लग सैल करतात. तो अडकल्यास गंज सोडविणारे तेल सोडून काही वेळ थांबतात आणि पाना थोडा मागे-पुढे फिरवतात.
5. नव्या प्लगमधील अंतर फिलर गेजने तपासले जाते. इरिडियमचे बारीक अग्र दाबू किंवा वाकवू नये.
6. पहिले काही आटे हातानेच फिरवले जातात. खोल विहिरीत प्लगच्या वरच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा लावून तो फिरवता येतो. आटा तिरका चढत असेल तर नळी आपोआप घसरते.
7. शेवटी टॉर्क पान्याने प्लग आवळतात. वॉशर असलेल्या 14 मिमी प्लगसाठी ॲल्युमिनियम हेडमध्ये सर्वसाधारणपणे 25 ते 30 न्यूटन-मीटर इतका जोर पुरतो. तरी माहितीपुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा.

मुलामा दिलेल्या आट्यांना ग्रीस लावण्याची शिफारस काही उत्पादक करीत नाहीत, कारण निसरड्या आट्यांमुळे प्लग गरजेपेक्षा जास्त आवळला जातो.

जुन्या प्लगवरून निदान

काढलेले प्लग सिलिंडरांच्या क्रमाने मांडून ठेवल्यास इंजिनाची प्रकृती कळते. फिकट तपकिरी रंग हे चांगल्या ज्वलनाचे लक्षण आहे. कोरडी काळी काजळी इंधन जास्त असल्याचे सुचविते, तर ओलसर तेलकट थर दट्ट्याच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हची सील झिजल्याचे दाखवितो. पांढरट, वितळलेले अग्र अतिउष्णतेची खूण आहे. केवळ एकाच प्लगवर दोष दिसत असेल, तर बिघाड त्याच सिलिंडरपुरता असण्याची शक्यता असते.

रायगड किनाऱ्यावरील परिस्थिती

अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यात समुद्राकडून येणाऱ्या हवेत मिठाचे कण असतात. मीठ ओलावा धरून ठेवते, त्यामुळे प्लगचे पोलादी कवच लवकर गंजते. निरोधकावर ओला खारट थर बसल्यास वीज बाहेरच्या बाहेर निसटते आणि इंजिन झटके देऊ लागते. हा दोष पावसाळ्यात अधिक जाणवतो. म्हणून कॉइलचे रबरी बूट तडकलेले नाहीत ना, हे पावसाळ्यापूर्वी पाहणे आणि प्लग मुदतीपूर्वी एकदा तरी तपासणे इष्ट ठरते.

पुरात बुडालेल्या वाहनाचा प्रश्न निराळा आहे. जुलै 2021 मध्ये सावित्री नदीच्या पुराने महाड शहर जलमय झाले होते. अशा प्रसंगी वाहन लगेच सुरू करणे घातक ठरते. पाणी दाबले जात नसल्यामुळे सिलिंडरमध्ये ते शिरले असल्यास दट्ट्याचा कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. पाणी बाहेर काढण्यासाठी आधी सर्व प्लग काढावे लागतात. आधुनिक वाहनांतील विद्युत प्रणालीचा विचार करता हे काम कुशल कारागिराकडे सोपविणेच योग्य समजले जाते.