स्वस्त रात्रविजेची जुनी यंत्रणा घरातून काढताना

ब्रिटनमधील अनेक जुन्या घरांत जिन्याखालच्या कपाटात विजेच्या मीटरशेजारी आणखी एक पेटी दिसते. दिवसभर ती निमूट असते. मध्यरात्रीच्या सुमारास तिच्यातून ‘खट्’ असा आवाज येतो आणि घरातील स्टोरेज हीटर तापू लागतात. रात्रीची स्वस्त वीज देणारी ही यंत्रणा आता काळाच्या पडद्याआड जात आहे. ती चालविणारी रेडिओ सेवा टप्प्याटप्प्याने बंद करण्यास ३० जून २०२५ रोजी प्रारंभ झाला. मात्र, ही पेटी भिंतीवरून उतरविणे वाटते तितके सोपे नाही. कामाचा क्रम चुकला, तर ऐन हिवाळ्यात घर गारठते किंवा महागड्या दराचे बिल महिनोन्महिने भरावे लागते.

रात्रीची वीज स्वस्त का?

मोठी औष्णिक आणि अणुवीज केंद्रे रोज रात्री बंद करून सकाळी सुरू करणे परवडत नाही; विजेची मागणी मात्र रात्री घटते. ही वीज खपावी, यासाठी ब्रिटनमध्ये १९७८ मध्ये ‘इकॉनॉमी ७’ हा दर सुरू झाला. रात्रीचे सात तास वीज स्वस्त आणि दिवसाची वीज नेहमीच्या दरापेक्षा महाग, असे त्याचे स्वरूप आहे. गॅसची जोडणी नसलेल्या सदनिकांत आणि ग्रामीण भागांत हा दर रुजला. स्टोरेज हीटरमधील जड विटा रात्री तापतात आणि दिवसभर ऊब सोडत राहतात. गरम पाण्याच्या टाकीतील तळाचा हीटरही बहुधा रात्रीच्याच विजेवर चालतो.

रेडिओलहरींवरून आज्ञा

स्वस्त दराची वेळ झाली, हे पूर्वी घड्याळावर चालणारा टाइम स्विच ठरवीत असे. १९८०च्या दशकात त्याच्या जोडीला ‘रेडिओ टेलिस्विच’ आला. बीबीसी रेडिओ ४ च्या १९८ किलोहर्ट्झ या दीर्घलहरी प्रक्षेपणात कानाला ऐकू न येणारा संकेत मिसळला जाई आणि घरोघरचे स्विच त्यानुसार चालू-बंद होत. इंग्लंडमधील ड्रॉइटविच आणि स्कॉटलंडमधील वेस्टरग्लेन व बर्गहेड येथून हे प्रक्षेपण होई. याच लहरींवर २०२३ पर्यंत कसोटी क्रिकेटचे धावते समालोचनही ऐकू येत होते. प्रक्षेपकांना लागणारे शक्तिशाली व्हॉल्व्ह दुर्मीळ होत गेले आणि सेवेचे आयुष्य संपत आले.

संकेत थांबला, की टेलिस्विच कसा वागेल याची खात्री देता येत नाही. हीटर कायमचे बंद राहू शकतात, कायमचे चालू राहू शकतात किंवा भलत्याच वेळी तापू शकतात. विजेवरच ऊब मिळविणाऱ्या वृद्ध आणि आजारी व्यक्तींच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ बिलाचा नाही.

यंत्रणा एक, जबाबदार तीन

या यंत्रणेचे सर्व भाग एकाच्या ताब्यात नसतात. रस्त्यावरून येणारी तार आणि सीलबंद मुख्य फ्यूज वितरण कंपनीच्या अखत्यारीत येतात. मीटर, टाइम स्विच आणि टेलिस्विच यांची जबाबदारी वीजपुरवठादार कंपनीची असते. मीटरच्या पुढील फ्यूजच्या पेट्या, तारा आणि हीटर घरमालकाचे असतात. अशा घरांत बहुधा दोन पेट्या असतात : एक चोवीस तास वीज देणारी आणि दुसरी फक्त स्वस्त वेळेत जिवंत होणारी.

सील तोडून मीटर किंवा टेलिस्विच काढणे बेकायदा तर आहेच. ते जिवावरही बेतू शकते. घरातील मुख्य स्विच बंद केला, तरी त्याच्या अलीकडच्या तारांत वीज असतेच. त्यामुळे खासगी इलेक्ट्रिशियननेही या भागाला हात लावणे अपेक्षित नाही.

कामाचा योग्य क्रम

प्रथम हीटर ठेवायचे की काढायचे, हे ठरवावे. ते ठेवायचे असल्यास दोन दरांची नोंद करणारा आणि ठरलेल्या वेळी हीटरचा पुरवठा चालू-बंद करू शकणारा स्मार्ट मीटर मागावा. घरात दुसरी फ्यूजपेटी आहे, हे कंपनीला आधीच सांगावे आणि सर्व पेट्यांची छायाचित्रे पाठवावीत. साधा मीटर बसला, तर दुसऱ्या पेटीवरील हीटर बंद पडू शकतात अथवा दिवसाही महाग वीज ओढू शकतात.

हीटर काढायचे असतील, तर उष्णतेची पर्यायी सोय आधी सुरू व्हावी. त्यानंतर दर एकेरी करून घ्यावा. हीटर गेले आणि दर जुनाच राहिला, तर बहुतांश वापर दिवसाच्या महाग विजेवर होतो. ही चूक अनेकदा बिल आल्यावरच ध्यानात येते. मीटर बदलण्यापूर्वी दोन्ही आकड्यांचे छायाचित्र घ्यावे. काही घरांत दोन मीटर आणि दोन पुरवठा क्रमांक असतात. अशा वेळी दुसऱ्याचे खाते बंद झाले की नाही, हे पाहावे. मीटरनंतर स्वतंत्र आयसोलेटर बसवून घेतल्यास पुढील काम सोयीचे होते.

दुसरी फ्यूजपेटी आणि हीटरच्या तारा हटविण्याचे काम नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनकडे द्यावे. इंग्लंडमध्ये २००५ पासून घरातील फ्यूजपेटी बदलणे हे बांधकाम नियमांनुसार नोंद करण्याचे काम आहे. त्याचे प्रमाणपत्र जपून ठेवावे. घर विकताना ते मागितले जाते.

हीटर पूर्ण थंड झाल्याशिवाय उघडू नये. विटांसह त्याचे वजन शंभर किलोच्याही पुढे जाऊ शकते. त्यामुळे विटा एकेक करून काढाव्या लागतात. १९७४ पूर्वीच्या काही हीटरांत अॅस्बेस्टॉस आहे. जुन्या फ्यूजच्या पाठीमागील फळ्यांतही ते आढळते. शंका असल्यास हीटर न उघडता तज्ज्ञाला बोलवावे.

काम झाल्यावर

नवा मीटर बसल्यानंतर पहिल्याच रात्री हीटर तापतात का आणि पाणी गरम होते का, ते पाहावे. दिवसाचा आणि रात्रीचा आकडा बिलात उलटा लागलेला नाही, याचीही खातरजमा करावी. स्वस्त दराची नेमकी वेळ कंपनीकडून लेखी घ्यावी. ती भागागणिक बदलते आणि अनेक मीटरांचे घड्याळ उन्हाळ्यात पुढे जात नसल्याने त्या काळात तासाभराचा फरक पडतो.

वेळेनुसार दर ही कल्पना मात्र जुनी झालेली नाही. महाराष्ट्रात महावितरणने जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर सवलत देण्यास सुरुवात केली. सौरऊर्जेमुळे येथे स्वस्त वेळ रात्रीची नव्हे, तर दिवसाची ठरली आहे. येथे वेळेची नोंद मीटरमध्येच होत असल्याने घरात वेगळ्या तारा ओढाव्या लागत नाहीत. ब्रिटनमधील घरांत मात्र दरासोबत तारा, पेट्या आणि हीटरही आले होते. म्हणून तेथे जुन्या दराचा निरोप घेताना या साऱ्यांचा हिशेब एकत्रच करावा लागतो.