पंच नांवाच्या पेयाची व्युत्पत्ति व त्याचे घटक

१. इंग्रजी भाषेंत "पंच" या नांवानें प्रसिद्ध असलेलें मिश्र पेय हिंदुस्थानांत जन्मलें व त्याचें नांव आपल्या "पंच" म्हणजे पांच या शब्दावरून पडलें, हें विधान कोशांतून, प्रवासवर्णनांतून व वर्तमानपत्रांतून इतक्या वेळां आलें आहे कीं, तें आतां निर्विवाद समजलें जातें. मद्य, साखर, लिंबाचा रस, पाणी व मसाला हे ते पांच घटक, असेंही त्याबरोबर सांगण्यांत येतें. विधान आपल्या अभिमानास गोड वाटणारें आहे. आणि जें गोड वाटतें तें अधिक कसोशीनें पारखून घ्यावें, हा संशोधकाचा पहिला धर्म होय. येथें दोन प्रश्न एकांत एक गुंतलेले आहेत. नांव कोठून आलें हा एक, व वस्तु कोठून आली हा दुसरा. ते वेगळे केल्यावांचून निर्णय लागणार नाहीं; म्हणून प्रथम नांवाचा व मागाहून वस्तूचा विचार करूं.

२. ह्या पेयाचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख इ. स. १६३२ मधील आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींतील रॉबर्ट अॅडम्स यानें कोरोमांडल किनाऱ्यावरील पेटापोली, म्हणजे आजचें निझामपट्टण, येथील वखारींतल्या टॉमस कॉली यास पत्र लिहिलें. त्यांत सोबत्यांसह नीट राहावें व पंच प्यावा अशा अर्थाचा थट्टेचा मजकूर आहे. पेय कशाचें करीत याविषयीं पत्रांत अक्षर नाहीं. तथापि दोन गोष्टी त्यावरून निघतात. एक, शब्द समजावून सांगण्याची गरज लेखकास वाटली नाहीं, अर्थात् १६३२ पूर्वींच तो कंपनीच्या लोकांत रुळलेला होता. दुसरी, जुन्यांत जुना पुरावा पूर्व किनाऱ्याचा आहे, सुरतेचा किंवा मुंबईचा नव्हे.

३. घटकांची माहिती देणारा पहिला साक्षीदार जर्मन प्रवासी मांडेल्स्लो हा होय. तो १६३८ सालीं इंग्रजी जहाजानें गोंबरूनहून सुरतेस आला. त्यानें ह्या पेयास "पालेपुंट्झ" म्हटलें आहे व त्यांत मद्यार्क, गुलाबपाणी, लिंबाचा रस व साखर पडते असें लिहिलें आहे. घटक चार. पुढें १६५३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तांत फ्रेंच गृहस्थ बुलाये-ल-गूझ हा "बोलपोंझ" असें नांव देऊन साखर, लिंबाचा रस, मद्यार्क, जायपत्री व भाजलेलें बिस्कीट असे घटक सांगतो. येथें संख्या पांच भरते खरी, परंतु पांचवें स्थान बिस्किटाचें आहे व पाण्याचें नांव नाहीं. शिवाय हा शब्द इंग्रजी आहे असें तो स्पष्ट म्हणतो. ज्यानें सुरत व गोवें स्वतः पाहिलें, त्यानें हा शब्द इंग्रजांचा म्हणून नोंदावा, ही गोष्ट दुर्लक्षण्यासारखी नाहीं.

त्यानंतरचा साक्षीदार बर्निये. तो औरंगजेबाच्या कारकीर्दीच्या आरंभीं हिंदुस्थानांत होता व बंगालच्या वर्णनांत त्यानें "बूलपोंझ" वर्णिलें आहे. काळ्या साखरेपासून काढलेला अर्क, लिंबाचा रस, पाणी व वर किसून घातलेलें थोडें जायफळ, एवढेंच तो देतो. पुन्हा चार, आणि मांडेल्स्लोचें गुलाबपाणी व बुलायेचें बिस्कीट दोन्ही गेलीं. ह्या पेयाचा अतिरेक टाळण्याविषयीं कंपन्यांनीं खलाशांस ताकीद दिल्यावर त्यांची प्रकृति सुधारली, असेंही बर्निये नमूद करितो.

"पाले", "बोल", "बूल" हा पूर्वभाग इंग्रजी "बोल" म्हणजे मोठा वाडगा याचा अपभ्रंश होय. पेय वाडग्यांत मिसळून मध्यें ठेवीत व सर्वांनीं त्यांतून घ्यावयाचें, ही रीति त्या नांवांतच दिसते. परदेशी लोकांच्या कानीं "वाडगाभर पंच" हें सबंध इंग्रजी वचन पडलें व त्यांनीं तें एकच नांव समजून लिहून ठेविलें. अर्थात् जर्मनाच्या व फ्रेंचांच्या कानांवर हा शब्द देशी माणसाच्या तोंडून नव्हे, इंग्रजाच्या तोंडून आला.

४. आतां "पंच म्हणजे पांच" असें प्रथम सांगणाऱ्या साक्षीदाराकडे वळूं. तो डॉक्टर जॉन फ्रायर. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस त्याची ओळख करून द्यावयास नको. तो १६७२ ते १६८१ या काळांत कंपनीचा शस्त्रवैद्य म्हणून पूर्वेकडे होता. १६७५ मध्यें मोगल अधिकाऱ्याच्या बोलावण्यावरून तो जुन्नरास गेला होता. राज्याभिषेकाच्या वेळच्या ऑक्झिंडनच्या वकिलातीचा वृत्तांतही त्याच्या ग्रंथांत आहे. ग्रंथ १६९८ मध्यें छापला गेला. गोव्याच्या वर्णनांत तो सांगतो कीं, नेरूळ येथें उत्तम अर्क निघतो व त्यापासून ह्या किनाऱ्यावरील इंग्रज "पाँच" नांवाचें अंग शिथिल करणारें पेय बनवितात. हिंदुस्थानी भाषेंत त्या शब्दाचा अर्थ पांच असून पेयांत घटकही पांच असतात. ते पांच कोणते हें मात्र तो देत नाहीं.

याच वाक्याच्या पुढील भागाकडे फारसें कोणी लक्ष देत नाहीं, परंतु निर्णयाची किल्ली तेथेंच आहे. फ्रायर म्हणतो कीं, वैद्य लोक ज्याप्रमाणें पांच द्रव्यांच्या औषधास डायापेंटे व चार द्रव्यांच्या औषधास डायाटेसरॉन म्हणतात, त्याप्रमाणेंच हें. म्हणजे व्युत्पत्ति सांगतांना त्याच्या डोळ्यांपुढें कोणी सुरतेचा दुभाषी किंवा गोव्याचा भंडारी नसून युरोपीय औषधीशास्त्राची परिभाषा आहे. ज्याच्या शास्त्रांत संख्येवरून मिश्रणास नांव देण्याचा प्रघात आहे, त्यास "पंच" शब्द ऐकतांच पांच द्रव्यें सुचावीं हें स्वाभाविक होय. शब्द प्रचारांत येऊन चाळीस वर्षें लोटल्यावर केलेलें हें विद्वानाचें अनुमान आहे. प्रत्यक्ष परंपरेची साक्ष म्हणून तें धरतां येत नाहीं.

५. आपल्या भाषांच्या बाजूनेंही एक अडचण उभी राहते. संख्येवरून नांव देण्याची चाल आपल्याकडे विपुल आहे. पंचामृत, पंचगव्य, पंचकोल, त्रिकटु, त्रिफला, दशमूळ हीं सर्व नांवें तशींच. पण ह्या प्रत्येकांत संख्येपुढें वस्तूचें नांव लागलेलें आहे. पांच द्रव्यांच्या पेयास आपला वैद्य किंवा आचारी पंचपानक म्हणता, नुसतें "पंच" म्हणता ना. मराठींत स्वतंत्र संख्या "पांच" अशी आहे आणि केवळ "पंच" म्हटलें म्हणजे निवाडा करणारी मंडळी असा अर्थ होतो. सुरतेच्या बंदरांत चालणाऱ्या फारशींतील "पंज" घेतला तरी हीच अडचण कायम राहते.

उच्चाराचा आक्षेप इंग्रज कोशकारांनींही काढिला आहे. सतराव्या शतकांत हा इंग्रजी शब्द "पुंच" असा उच्चारीत, असें जर्मन व फ्रेंच रूपांवरून दिसतें. आणि आपल्या "पंच" मधील ऱ्हस्व अकाराशीं तें नीट जुळत नाहीं. ह्या आक्षेपास उत्तरही आहे व तें न सांगणें अन्यायाचें होईल. त्या काळचे इंग्रज आपला अकार लिहितांना "यू" हें अक्षर वापरीत. खुद्द फ्रायरनें "बंदर" शब्द तसाच लिहिला आहे. तेव्हां केवळ लेखनावरून पारडें कोणत्याही बाजूस झुकत नाहीं. दुसरी उपपत्ति अशी कीं, जहाजांवर मद्याचीं जीं मोठीं पिंपें असत त्यांस "पंचन" म्हणत, व त्याचाच हा संक्षेप होय. खलाशी लोकांत शब्द तोडण्याची खोड लक्षांत घेतां ही उपपत्ति अशक्य नाहीं. परंतु तिलाही समकालीन लेखी आधार नाहीं.

यावरून नांवापुरता निर्णय असा कीं, देशी व्युत्पत्ति संभवनीय आहे, सिद्ध नाहीं. आणि ती सिद्ध म्हणून पाठ्यपुस्तकांत देणें उचित नाहीं.

६. वस्तूचा प्रश्न मात्र वेगळा आहे, व तेथें आपली बाजू भक्कम आहे. १६९४ मध्यें मुंबई सरकारनें काढलेल्या एका हुकमाची नोंद फिलिप अँडर्सन यानें पश्चिम हिंदुस्थानांतील इंग्रजांविषयींच्या आपल्या ग्रंथांत दिली आहे. खाणावळींत पंच पिण्यास आलेल्या कोणाही माणसानें एक क्वार्ट चांगला गोव्याचा अर्क, अर्धा रत्तल साखर व अर्धा पाइंट लिंबाचा चांगला रस मागून घ्यावा आणि आपला पंच आपणच तयार करावा, असा तो हुकूम आहे. ज्या वाडग्यावर बाजाराच्या कारकुनाचा शिक्का नसेल तो गिऱ्हाइकानें खुशाल फोडावा. वाडग्याचे किंवा पंचाचे पैसे देणें लागणार नाहीं, अशी पुढें तंबी आहे. क्वार्ट म्हणजे दोन पाइंट. तेव्हां अर्काच्या चौथाईइतका रस, हें प्रमाण निघतें. मसाल्याचा उल्लेख नाहीं. पाणी विकत घ्यावयाचें नसल्यामुळें तें हुकमांत आलें नसावें. सरकारी कागदांत ज्या वस्तूंचें माप ठरविलें त्या तीन, पांच नव्हेत. परंतु त्या तिन्ही ह्याच किनाऱ्यावरच्या आहेत.

गोव्याचा हा अर्क माडाच्या ताडीपासून काढीत. १६८९ मध्यें सुरतेच्या सफरीस निघालेला पाद्री ओव्हिंग्टन लिहितो कीं, बंगालचा अर्क गोव्याच्या अर्काहून पुष्कळ तीव्र असतो, तथापि पंचासाठीं युरोपीय लोक दोन्ही वापरतात. बियर व द्राक्षमद्य लांबच्या सफरींत व उष्ण हवेंत टिकत नसे. तेव्हां वखारीच्या लोकांस स्थानिक अर्काशिवाय गति नव्हती, आणि त्याचा उग्रपणा मोडण्यास लिंबू व साखर येथें मुबलक होतीं.

ही मिश्रणाची कल्पना तरी त्यांस नवी शोधावी लागली काय? सुश्रुताच्या सूत्रस्थानांतील ४६ व्या अध्यायांत पानकाचें वर्णन आहे. गुळाचें पानक आंबट किंवा आंबटाविरहित करावें. तेंच खडीसाखर, द्राक्षें व साखर घालून, आंबट, तीक्ष्ण व थंड असें केल्यास निर्दोष होतें, असा त्याचा आशय आहे. गोड, आंबट, तिखट व शीतळ ह्या चार गुणांचा मेळ म्हणजे मद्यावांचूनचा पंचच होय. मद्यांत मसाला घालण्याची रीतिही जुनी आहे. कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी म्हैसूर येथें उजेडांत येऊन शामशास्त्री यांनीं ती १९०९ मध्यें छापली. त्यांतील सुराध्यक्षाच्या प्रकरणांत मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय व मधु असे सहा प्रकार दिले आहेत. पैकीं मैरेय हें मेषशृंगीच्या सालीचा काढा व गूळ यांचें असून त्यांत पिंपळी व मिरीं, किंवा त्रिफळा, घालण्यास सांगितलें आहे. मसाल्याचें गोड मद्य व मद्यावांचूनचें मसाल्याचें पानक हीं दोन्ही ह्या देशांत इंग्रज येण्यापूर्वीं कित्येक शतकें ठाऊक होतीं. वखारवाल्यांनीं वाडगा आपला आणला. त्यांत पडणारे पदार्थ आणि त्यांचा मेळ येथेंच तयार होता.

७. एका द्रव्याविषयीं मात्र दोन परंपरांत भेद पडतो, तें म्हणजे कडू द्रव्य. लंडनचा औषधविक्या स्टाउटन यास १७१२ मध्यें कडू अर्काची सनद मिळाली. न्यूयॉर्क प्रांतांतील हडसन गांवच्या एका पत्रानें १३ मे १८०६ च्या अंकांत "कॉकटेल" शब्दाची व्याख्या दिली. कोणतेंही मद्य, साखर, पाणी व कडू अर्क यांचें तें मिश्रण, असें तींत म्हटलें आहे. पंचांतील लिंबाच्या जागीं येथें कडू अर्क आला. १८२४ मध्यें व्हेनेझुएलांतील आंगोस्तुरा गांवीं डॉक्टर झीगर्ट यानें पोटाचें औषध म्हणून जो अर्क तयार केला, तोही पुढें मद्यगृहांतच स्थिरावला. म्हणजे तिकडे कडू द्रव्य औषधाच्या कुपींतून पिण्याच्या पेल्यांत गेलें. आपल्याकडे काडेकिराईत व ओलेकिराईत हीं दोन्ही कडू द्रव्यें वैद्याच्या काढ्यांतच राहिलीं. पाडव्यास कडुनिंब खातात तोही गूळ व ओव्याशीं, पेय म्हणून नव्हे.

८. तात्पर्य, नांवाचा वारसा सांगण्याची घाई करूं नये. वस्तूचा वारसा सांगण्यास संकोच करूं नये. पहिला दावा फ्रायरच्या एका वाक्यावर उभा आहे, दुसरा सुश्रुत, कौटिल्य व मुंबईचा सरकारी हुकूम यांवर.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. ह्या प्रश्नावरील सर्व समकालीन साक्षी परकीयांच्या आहेत. राजापूर, वेंगुर्लें, चौल, वसई व साष्टी ह्या बाजूच्या घराण्यांत वैद्यकाचीं बाडें, पाकक्रियेच्या याद्या, भंडाऱ्यांच्या हिशेबाचे मोडी कागद सांपडतात. सनदा व पत्रें जपून ठेवून असे कागद रद्दींत टाकण्याची चाल अद्याप आहे. त्यांत राजकारण नसतें हें खरें. परंतु अर्काचा भाव, साखरेचें माप, पानकाचे घटक आणि कदाचित् ह्या पेयाचें देशी नांव कोठें असेल तर तें तेथेंच असेल. १७०० पूर्वींच्या एका मराठी कागदावर असा एक उल्लेख मिळाला, तर फ्रायरचें अनुमान खरें ठरेल किंवा कायमचें बाजूस पडेल. तोंपर्यंत अशीं बाडें रद्दीवाल्याच्या हातीं न देतां मंडळाच्या दप्तरांत नोंदवावीं, इतकीच प्रार्थना आहे.