फ्रान्समधील शाळेचे ताट : मांसाच्या नियमाकडून शाकाहाराच्या नियमाकडे

१/ शाळेत मुलांना काय वाढावे, हा प्रश्न वरकरणी स्वयंपाकघरातला. फ्रान्समध्ये मात्र तो संसदेत, न्यायालयात आणि रस्त्यावरही लढला गेला. त्या वादाचा हा संक्षिप्त इतिहास.

२/ मुलांच्या ताटात शासनाने लक्ष घालणे तिथे नवे नव्हते. शाळेच्या भोजनालयात मुलांना वाइन मिळे, असाही एक काळ होता. चौदा वर्षांखालील मुलांसाठी ती १९५६ मध्ये बंद झाली. लिसे म्हणजे वरच्या वर्गांच्या शाळांतून ती जायला १९८१ उजाडले.

३/ ३० सप्टेंबर २०११ च्या आदेशाने पोषणाचे नियम बंधनकारक झाले. सलग वीस जेवणांपैकी किमान चारांत गाय, वासरू किंवा कोकरू यांचे, खिमा न केलेले मांस असलेच पाहिजे, असे त्यात होते. मुलांना पुरेसे लोह मिळावे, हा हेतू.

४/ वादाचा दुसरा धागा धर्माचा. डुकराचे मांस न खाणाऱ्या मुलांना पर्यायी पदार्थ देण्याची प्रथा शालों-सुर-सोनच्या महापौरांनी २०१५ मध्ये मोडली. हे प्रकरण सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठापर्यंत गेले. डिसेंबर २०२० चा निर्णय असा : पर्याय देण्याचे पालिकांवर बंधन नाही, तशी मनाईही नाही.

५/ दरम्यान २०१८ च्या ‘एगालिम’ कायद्याने आठवड्यातून एकदा शाकाहारी जेवण ठरवून दिले. नोव्हेंबर २०१९ पासून दोन वर्षांचा प्रयोग सुरू झाला. शाकाहारात अंडी व दूधदुभते धरलेले होते. मांसाचा जुना नियम मात्र रद्द झाला नाही; दोन्ही नियम एकाच ताटात नांदू लागले.

६/ फेब्रुवारी २०२१. महासाथीमुळे मुलांना अंतर राखून, झटपट वाढणे भाग होते. ल्यों शहराचे महापौर ग्रेगरी दुसे यांनी सर्वांसाठी एकच, मांसाविना मेनू ठरवला. मासे व अंडी त्यात होती. तरीही कृषिमंत्री जुलियँ दनोर्मांदी यांनी मुलांच्या ताटात विचारप्रणाली वाढल्याचा आरोप केला. शेतकरी ट्रॅक्टर आणि गायी घेऊन शहरात उतरले.

७/ त्यांचा संताप समजण्याजोगा होता. पशुपालकाच्या दृष्टीने शाळेचे भोजनालय हे हक्काचे गिऱ्हाईक. शिवाय मांसावाचून जेवण पुरे पडते असे शाळेनेच ठरवले, तर त्याच्या व्यवसायाच्या प्रतिष्ठेला धक्का बसतो.

८/ ऑगस्ट २०२१ च्या हवामानविषयक कायद्याने साप्ताहिक शाकाहारी जेवण कायमचे केले.

९/ या इतिहासातली अर्थपूर्ण गोष्ट अशी : पर्यावरणाच्या कारणाने आलेल्या नियमाने, न्यायालयाने पालिकांच्या मर्जीवर सोडलेला प्रश्न आठवड्यातून एका दुपारपुरता सोडवला. त्या दिवशी डुकराचे मांस न खाणाऱ्या मुलाला त्यासाठी वेगळे ताट मागावे लागत नाही. उरलेल्या दिवसांचा प्रश्न मात्र कायद्याने सोडवलेला नाही.