दोन तबकड्या, एक लय

मैफलीत गायक आणि तबलजी यांची लय जुळते, ती दोघेही एकमेकांचे ऐकत असतात म्हणून. गायकाने किंचित रेंगाळावे, तबलजीने ते ओळखून ठेका सांभाळावा आणि दोघांनी समेवर एकत्र यावे, हा व्यवहार रसिकांच्या नित्य परिचयाचा आहे. ध्वनिमुद्रिकेला मात्र कान नसतात. एका तबकडीवरील गाणे संपत आले असता दुसरीवरील गाणे त्याच लयीत, ठोक्यावर ठोका पाडून, सुरू करावयाचे तर त्या दोन बहिऱ्या वादकांच्या वतीने तिसऱ्या कोणाला तरी ऐकावे लागते. ज्याला आज सर्वत्र डीजे म्हणतात, त्याच्या विद्येतील हा प्रारंभीचा धडा होय. त्याचा इतिहास अर्धशतकाहून थोडाच अधिक आहे.

नृत्यगृहांत तबकड्या लावण्याची पद्धत याहून जुनी आहे. पण एक गाणे संपावे आणि मग दुसरे लागावे, अशीच तिची बहुधा रीत होती. ही रीत मोडणाऱ्यांत न्यूयॉर्कच्या फ्रान्सिस ग्रासो या तरुणाचे नाव अग्रभागी आहे. तेथील पश्चिम ४३व्या रस्त्यावर, पूर्वी जर्मन बाप्टिस्टांचे चर्च असलेल्या वास्तूत ‘सँक्चुअरी’ नावाचे नृत्यगृह थाटले होते. १९७० च्या सुमारास ग्रासो तेथे दोन तबकड्या एकाच वेळी फिरवीत असे. नर्तक ऐकत ते गाणे सभागृहात चालू असावयाचे, आणि पुढचे गाणे तो हेडफोनमधून एकटा ऐकावयाचा. तबकडी बोटांनी धरून ठेवावी, खालची थाळी फिरू द्यावी आणि नेमक्या ठोक्यावर बोटे उचलावीत, म्हणजे गाणे विलंबाशिवाय सुरू होई. ही युक्ती नभोवाणी केंद्रांवर आधीपासून रूढ होती. ग्रासोने ती लय जुळविण्याच्या कामी लावली.

हे काम ऐकावयास सोपे, करावयास अवघड आहे. पहिल्या गाण्यात मिनिटाला १२० ठोके आणि दुसऱ्यात १२२, असे समजू. दोन्ही एकाच ठोक्यावर सुरू केली तरी अवघ्या १५ सेकंदांत दुसरे गाणे अर्ध्या ठोक्याने पुढे जाते आणि नाचणाऱ्यांची पावले चुकू लागतात. ते टाळण्यासाठी दुसऱ्या तबकडीचा वेग सुमारे १.६ टक्के कमी करावा लागतो. परंतु नवशिक्याची खरी अडचण वेग बदलण्यात नसते. दोन ठोके विलग झाल्याचे त्याला तत्काळ कळते. पुढे कोण गेले आणि मागे कोण राहिले, हे मात्र कळत नाही. मग तो उलट दिशेने वेग बदलतो आणि अंतर वाढतच जाते. म्हणूनच प्रारंभी एकाच गाण्याच्या दोन प्रती घेऊन सराव करणे हिताचे ठरते. लय एकच असल्यामुळे सारे लक्ष कानाकडे देता येते.

साधनांनीही या कानाला हळूहळू साथ दिली. पट्ट्याने फिरणारी थाळी वेग घेण्यास वेळ लावी. जपानच्या मात्सुशिता कंपनीने १९७० मध्ये मोटारीने थेट फिरणाऱ्या थाळीचे यंत्र बाजारात आणले आणि १९७२ मध्ये ‘टेक्निक्स एसएल-१२००’ काढले. १९७९ च्या सुधारित यंत्रात वेग ८ टक्क्यांपर्यंत कमीअधिक करणारी सरकपट्टी आली, आणि घरगुती रसिकांसाठी जन्मलेले हे यंत्र जगभरच्या नृत्यगृहांत स्थिरावले. त्यालाही एक मर्यादा होती. तबकडीच्या वेगाबरोबर सूरही चढतो वा उतरतो. ६ टक्क्यांच्या फरकाने तो जवळजवळ अर्ध्या स्वराने सरकतो. तेव्हा लयीने मुळातच जवळची असलेली गाणी निवडणे, हाही या विद्येचाच भाग ठरला.

२००१ मध्ये पायोनियर कंपनीने तबकडीप्रमाणे हाताने फिरविता येणारे सीडी-यंत्र काढले. पुढे संगणक आला आणि एक कळ दाबताच दोन गाण्यांची लय आपोआप जुळू लागली. मग कानाची ही तपश्चर्या कशासाठी, असा प्रश्न नवशिक्याने विचारल्यास तो गैर नाही. त्याचे उत्तर ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात सापडते. १९८० च्या दशकात तालयंत्रे रूढ झाली आणि नृत्यसंगीतातील अनेक गाण्यांची लय घड्याळासारखी स्थिर झाली. त्यापूर्वीच्या गाण्यांत बहुधा हाडामांसाचा वादक ड्रम वाजवीत असे. रंगात आला की त्याची लय किंचित चढे, पुन्हा उतरे. लय आरंभापासून अखेरपर्यंत सारखीच आहे असे धरून केलेली यांत्रिक गणना येथे थोड्याच वेळात चुकते.

याचा अर्थ असा की, ज्या गाण्यांवर ही विद्या प्रथम घडली, नेमकी तीच गाणी केवळ कळेवर विसंबणाऱ्याच्या हातून निसटण्याचा संभव अधिक. ज्याने कान तयार केला आहे त्याला ठोका सरकू लागल्याचे नर्तकांच्या आधी कळते, आणि तबकडीच्या कडेला बोटाचा हलका स्पर्श करून तो ती सावरतो.