प्रोसेसर ओव्हरक्लॉक करताय? नुसतं तापमान नको, व्होल्टेजही बघा

लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करणारे, फ्लेक्सचं डिझाइन बनवणारे आणि गेम खेळणारी पोरं, यांच्याकडे आता तालुक्याच्या गावातही स्वतः जोडून घेतलेले डेस्कटॉप दिसतात. मशीन हळू चालायला लागली की यूट्यूब बघून प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचा, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा, मोह होतो. ते करता येतं, पण प्रत्येक मशीनवर नाही. इंटेलमध्ये नावाच्या शेवटी 'के' किंवा 'केएफ' असलेला प्रोसेसर आणि जोडीला 'झेड' मालिकेचा मदरबोर्ड लागतो. एएमडीच्या बहुतेक रायझन प्रोसेसरवर ही सोय आहे, मात्र बोर्ड ए३२० किंवा ए५२० असेल तर विषय संपला.

हे व्होल्टेज लाईटचं नव्हे

घरात येणारी लाईट २३० व्होल्टची. कॉम्प्युटरमधला एसएमपीएस तिचे १२ व्होल्ट करतो आणि मदरबोर्ड त्यातून प्रोसेसरला साधारण एक ते दीड व्होल्टच देतो. म्हणून इथे ०.०५ चा फरकही मोठा. स्टॅबिलायझर लावला म्हणून हे व्होल्टेज सुरक्षित झालं, असं होत नाही.

२०१९ मध्ये आलेला रायझन ५ ३६०० घ्या. त्याचा मूळ वेग ३.६ गिगाहर्ट्झ, गरजेप्रमाणे तो स्वतःहून ४.२ पर्यंत जातो. कंपनीने दिलेली तापमानाची कमाल मर्यादा ९५ अंश. एचडब्ल्यूइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाकलं की तापमान 'टी-डाय' या ओळीत आणि व्होल्टेज 'सीपीयू कोअर व्होल्टेज' या ओळीत दिसतं. त्या ओळीपुढे 'एसव्हीआय२ टीएफएन' लिहिलेलं असलं पाहिजे. मदरबोर्डाचा वेगळा 'व्ही-कोअर' आकडा तेवढा भरवशाचा नसतो.

इथेच बरेच जण फसतात. मशीन ऑटोवर असताना हा प्रोसेसर मध्येच १.४ व्होल्टच्या वर जाताना दिसतो. मग वाटतं, आपणही १.४ कायमचे लावले तर काय बिघडलं? बिघडतं. ऑटोवर एक-दोन कोअरच काम करत असतात, करंट कमी असतो, तेव्हाच व्होल्टेज चढतं. सगळ्या कोअरवर लोड आला की प्रोसेसर ते स्वतः उतरवतो. बायोसमध्ये आकडा हाताने पक्का केला की ही राखण गेली. रोजीरोटीच्या मशीनवर या प्रोसेसरला १.३ च्या वर न गेलेलंच बरं.

तापमानाचं तसं नाही. फार तापला की प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो, तरी नाही भागलं तर मशीन बंद पडते. ते डोळ्यांना दिसतं. जादा व्होल्टेजची झीज दिसत नाही. काही महिन्यांनी जुन्याच सेटिंगवर मशीन हँग व्हायला लागते, तेव्हा कळतं.

इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरचं असंच झालं, तेही ओव्हरक्लॉक न करता. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या अपडेटने ही मागणी १.५५ व्होल्टपर्यंत रोखली. ज्यांची झीज झाली होती ते मात्र अपडेटने दुरुस्त झाले नाहीत. कंपनीला वॉरंटी २ वर्षांनी वाढवावी लागली. सेकंडहँड घेताना बायोस अपडेट आहे का, हे विचारूनच घ्या.

पाच टक्के वेग, तेहतीस टक्के उष्णता

उष्णता वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. ४.० गिगाहर्ट्झ आणि १.२ व्होल्टवरून ४.२ आणि १.३५ वर गेलात तर वेग ५ टक्के वाढला आणि उष्णता हिशेबाने सुमारे ३३ टक्के. कंपनीच्या छोट्या पंख्याला हे झेपत नाही.

त्यात आपल्याकडचा उन्हाळा. पंखा प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. डिसेंबरच्या सकाळी २२ अंशांच्या खोलीत ७८ अंश दाखवणारी मशीन मे महिन्यात ४२ अंशांच्या खोलीत ९८ कडे जाणार, म्हणजे मर्यादेच्या पलीकडे. म्हणून चाचणी भर दुपारी, कॅबिनेटचं झाकण लावून आणि धूळ साफ करून घ्या. ओसीसीटी किंवा प्राइम९५ अर्धा-एक तास चालवा आणि कमाल तापमान ८५ च्या आत राहतं का ते बघा. यूपीएस नसेल तर लोडशेडिंगच्या वेळेत ही चाचणी नको.

व्होल्टेज एका वेळी ०.०२५ पेक्षा जास्त वाढवू नका. प्रत्येक पायरीचा बायोसमधला फोटो मोबाईलवर काढून ठेवा. मशीन सुरूच झाली नाही तर वायर काढून बोर्डावरचा नाण्याएवढा सेल पाचेक मिनिटं बाहेर ठेवा, सेटिंग मूळ जागी येते. ओव्हरक्लॉकमुळे झालेलं नुकसान एएमडीच्या वॉरंटीत बसत नाही.